मंगळावरची सून

(वऱ्हाडच्या इतिहासावरच्या आपल्या मालिकेतला हा भाग. एसटीत नेट जात असेल, हेडफोन घरी राहिला असेल, तर ऐकण्याऐवजी इथे वाचून काढा.)

अकोटहून पुन्हा एकदा तुमच्या कानात.

आज सुरुवात एका पिक्चरपासून. 'पीके' तुम्ही बघितलाच असेल. २०१४ चा, आमिर खानचा. दुसऱ्या ग्रहावरून आलेला एक जण आपल्या पृथ्वीवर अडकतो. त्याला जग्गू आवडायला लागते. पण जग्गूचा जीव सर्फराजवर असतो, आणि सर्फराज असतो पाकिस्तानचा. आता मला सांगा, थिएटरात बसलेल्या लोकांना जास्त अवघड काय वाटलं असेल? परग्रहावरच्या माणसाचं जग्गूवर प्रेम बसणं, की हिंदुस्थानातल्या मुलीचं पाकिस्तानी मुलाशी लग्न होणं?

परग्रहवाल्याचं प्रेम कोणालाच खटकत नाही. कारण आपल्याला आतून माहीत असतं, तो शेवटी परत जाणार. त्याचं यान येणार, तो जग्गूच्या आवाजाच्या कॅसेटी घेऊन निघून जाणार, आपण डोळे पुसत पार्किंगमध्ये गाडी शोधणार. त्याच्याकडे परतीचं तिकीट आहे. सर्फराजचं तसं नाही. त्याचं प्रेम खरं ठरलं तर कोणाच्या तरी घरात ताट वाढावं लागेल, सासू-सासऱ्यांच्या पाया पडावं लागेल, पोरांची नावं ठेवावी लागतील.

आजचा विषय हाच आहे. विज्ञानकथेत दोन वेगळ्या जगांतली माणसं प्रेमात पडतात, ही कल्पना आली कुठून? तिचा माग काढत गेलं तर वाट चक्क आपल्या वऱ्हाडातून आणि पुण्यातून जाते. आणि वाटेत एक गंमत दिसते. ज्या लेखकांनी या गोष्टी लिहिल्या, त्यांच्या स्वतःच्या घरात जे घडलं होतं, ते त्यांना कागदावर घडवता आलं नाही.

चला, पहिल्यापासून बघू.

सगळ्यात जुनं परतीचं तिकीट

विज्ञानकथा हा शब्द नव्हता, तेव्हाची एक गोष्ट आपल्याकडे आहे. महाभारतातली, कच आणि देवयानीची. देव आणि असुर यांचं युद्ध चाललंय. असुरांच्या बाजूला शुक्राचार्य. त्यांच्याकडे संजीवनी विद्या, म्हणजे मेलेला सैनिक पुन्हा उभा करायचं तंत्र. देवांकडे ते नाही. मग देव काय करतात? बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, शत्रूच्या घरी शिष्य म्हणून पाठवतात. आजच्या भाषेत, टेक्नॉलॉजी काढून आणायला पाठवलेला माणूस.

तिथे शुक्राचार्यांच्या मुलीचा, देवयानीचा, त्याच्यावर जीव जडतो. असुर कचाला मारतात, देवयानी बापाच्या मागे लागते, बाप त्याला जिवंत करतो. असं पुन्हा पुन्हा. शेवटी असुर त्याची राख मद्यात मिसळून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कचाला बाहेर काढायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या कचाला संजीवनी शिकवतात, तो बाहेर येतो आणि त्याच विद्येने गुरूला उठवतो. मिशन पूर्ण.

देवयानी म्हणते, आता लग्न करू. कच म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, म्हणजे तू माझी बहीण झालीस. आणि स्वर्गाकडे चालता होतो. दोघं एकमेकांना शाप देतात आणि गोष्ट तिथे संपते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी याच गोष्टीवर 'संगीत विद्याहरण' हे नाटक लिहिलं. ते रंगभूमीवर आलं १९१३ साली. हे साल लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता या कथेतला सांगाडा बघा. शत्रूच्या जगात गेलेला तरुण, तिथली मुलगी, तिने त्याचा वाचवलेला जीव, आणि काम झाल्यावर त्याचं घरी परतणं. हा सांगाडा आज अनेकदा भेटणार आहे.

अडगावची लढाई आणि हैदराबादचा रेसिडेंट

आता पुराणातून इतिहासात येऊ. आणि इतिहास म्हणजे कुठला, तर अगदी आपल्या बाजूचा. अकोटच्या पश्चिमेला, फार लांब नाही, अडगाव आहे. इंग्रजांच्या पुस्तकात त्याचं नाव 'अरगाव' असं लागतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. भोसल्यांची बाजू हरली. डिसेंबरात गाविलगड पडला, आणि मग देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले तेवढे भोसल्यांकडे राहिले.

म्हणजे आपलं वऱ्हाड निजामाचं झालं. तेव्हा निजामाच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कोण होता? जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक. आणि या माणसाने हैदराबादच्या एका सरदार घराण्यातल्या मुलीशी, खैरुन्निसाशी, मुसलमानी पद्धतीने निकाह केला होता. तो हिंदुस्थानी कपडे घालायचा, फारसी-उर्दू बोलायचा, बायकोसाठी त्याने रेसिडेन्सीच्या आवारात जनाना बांधला. वरच्या अधिकाऱ्यांनी त्याची चौकशी लावली. त्यांचा प्रश्न सरळ होता. हा माणूस नेमका कोणाच्या बाजूचा?

त्यांना दोन मुलं झाली. घरात मुलाला साहिब आलम म्हणत, मुलीला साहिब बेगम. १८०५ साली दोघांना जहाजात बसवून इंग्लंडला पाठवण्यात आलं. वयं किती, तर जेमतेम बालवाडीतली. तिथे त्यांची नावं बदलली. मुलगा विल्यम झाला, मुलगी कॅथरीन. त्याच वर्षी कर्कपॅट्रिक कलकत्त्यात वारला. खैरुन्निसा १८१३ मध्ये गेली, ऐन तारुण्यात. आपली मुलं तिने पुन्हा पाहिली नाहीत.

पुढे कितीतरी वर्षांनी त्या मुलीचा, कॅथरीनचा, हैदराबादेत अजून जिवंत असलेल्या आपल्या आजीशी पत्रव्यवहार सुरू झाला. नात इंग्रजीत लिहायची, आजी फारसीत. मधे भाषांतर करणारं कोणीतरी लागायचं. दोघींची भेट झाली नाही.

आता ही गोष्ट कुठल्याही विज्ञानकथेत जशीच्या तशी बसेल. दुसऱ्या ग्रहावर पाठवलेली मुलं, बदललेली नावं, आणि संदेश पोचायला लागणारे महिनेच्या महिने. फरक एवढाच की हे खरोखर घडलं, आणि ज्या राज्यात घडलं त्याच राज्यात तेव्हा आपलं वऱ्हाड होतं.

बुलढाण्याचा साहेब आणि त्याच्या दोन नायिका

पन्नास वर्षं पुढे या. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८५७ चा उठाव झाला, तेव्हा उत्तर वऱ्हाडात बुलढाण्याला एक अधिकारी बदलून आला. फिलिप मेडोज टेलर. हाताशी गोरी फौज नव्हती. तरी ओळखीपाळखीवर, लोकांशी बोलून, त्याने आपला भाग शांत ठेवला, अशी त्याची ख्याती झाली.

हा टेलर वेगळाच प्राणी होता. पंधरा वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, मुंबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीत कामाला आला. तिथे जमलं नाही, मग निजामाच्या नोकरीत शिरला. बहुतेक आयुष्य दख्खनमध्येच गेलं. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्ये आली आणि इंग्लंडभर गाजली. वऱ्हाडात येण्याआधी तो नळदुर्गला होता, म्हणजे तुळजापूरच्या परिसरात.

त्याने लग्न केलं मेरी पामरशी. हे पामर म्हणजे हैदराबादचे बडे सावकार, थेट निजामाला कर्ज देणारे. पेढी काढणाऱ्या विल्यम पामरचा बाप इंग्रज जनरल, आणि आई फैज बक्श नावाची हिंदुस्थानी बेगम. ही बेगम खैरुन्निसाची मैत्रीण होती. म्हणजे टेलरच्या सासरच्या घरात दोन संस्कृती आधीच एका ताटात जेवत होत्या.

अशा माणसाने कादंबऱ्या लिहिल्या, तर त्याने काय लिहावं?

१८६३ साली त्याची 'तारा' आली. तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली विधवा मुलगी तारा, आणि अफझलखानाचा मुलगा फाजल. पार्श्वभूमी छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळाची. याहून मोठी संस्कृतींची टक्कर कुठून आणणार! शेवटी तारा फाजलच्या घरात जाते. त्यासाठी तिला आपलं सगळं मागे सोडावं लागतं.

मग १८७२ मध्ये 'सीता' आली. ही तर टेलरच्या स्वतःच्या काळातली, १८५७ ची गोष्ट. सिरिल ब्रँडन नावाचा इंग्रज अधिकारी आणि सीता नावाची सोनार घरातली विधवा. दोघांचं हिंदू पद्धतीने लग्न होतं. लेखक सीतेला हुशार, शिकलेली, धीट दाखवतो. वाचताना वाटतं, हा माणूस आता काहीतरी वेगळं करणार. पण इंग्रज मंडळी ते लग्न मानत नाहीत. पुढे उठाव होतो. सिरिलवर भाला येतो, सीता मधे पडते आणि मरते. सिरिल नंतर ग्रेस नावाच्या इंग्रज मुलीशी लग्न करून मायदेशी जातो.

दिसलं का? पुन्हा तोच सांगाडा. तिने त्याचा जीव वाचवला, आणि तो परत गेला.

टेलरला लग्नापर्यंत जायची हिंमत होती. त्यानंतरचा संसार लिहायची वेळ आली, तेव्हा मात्र त्याने तिला मारून टाकलं. सिरिल-सीतेला मूल झालं असतं, तर ते कोणत्या शाळेत जाणार, कोणत्या क्लबात बसणार, वारसा कोणाकडे जाणार, हे प्रश्न आले असते. त्याच्या सासरी हे प्रश्न रोजचे होते. पण कादंबरी विकत घेणारा वाचक लंडनला बसला होता.

पुण्याहून मंगळावर

आता यान सुटतंय, पट्टे बांधा.

१८५७ च्या सुमारास पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजात एक तरुण इंग्रज प्राचार्य होता, एडविन अर्नोल्ड. हेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झालं. अर्नोल्ड १८६१ पर्यंत पुण्यात होता. इथे संस्कृत शिकला, आणि पुढे बुद्धाच्या चरित्रावरचं त्याचं 'द लाइट ऑफ एशिया' हे काव्य १८७९ मध्ये जगभर वाचलं गेलं.

त्याचा मुलगा एडविन लेस्टर अर्नोल्ड. जन्म इंग्लंडातला, १८५७ चा. बालपणाची काही वर्षं हिंदुस्थानात गेली. हा मुलगाही लेखक झाला. १९०५ मध्ये त्याची एक कादंबरी आली. नायक गलिव्हर जोन्स, अमेरिकेच्या नौदलातला लेफ्टनंट. तो मंगळावर जातो. कशाने जातो? रॉकेटने नाही बरं का. गालिच्याने! उडत्या गालिच्यात गुंडाळला जातो आणि थेट मंगळावर उतरतो.

मंगळावर दोन जमाती. एक नाजूक, देखणी, आळशी, सणवारात रमलेली. दुसरी रानटी, दांडगी, दरवर्षी पहिलीकडून खंडणी आणि एक सुंदर मुलगी घेऊन जाणारी. नायकाचं प्रेम पहिल्या जमातीच्या राजकन्येवर, हेरूवर बसतं. दुसरी जमात तिला उचलून नेते, तो तिला सोडवून आणतो. मग शत्रू राजवाड्यावर चाल करून येतो, आणि ऐन धुमश्चक्रीत आपला नायक गालिच्यावर बसून न्यूयॉर्कला परत येतो. तिथे त्याची ठरलेली मुलगी, पॉली, वाट बघत असते. नोकरीत बढतीही झालेली असते. संपली गोष्ट.

हेरूचं काय झालं? ती राहिली मंगळावर.

आता नीट बघा. गालिचा कुठला? अरबी कथांतला. ती देखणी, सुस्त, ऐषारामी जमात कुठली? इंग्रज लेखक आपल्या नवाबांच्या, राजांच्या दरबारांबद्दल असंच लिहायचे. मला वाटतं, हा मंगळ म्हणजे पूर्वेकडचे देशच आहेत, फक्त त्यांना लाल रंग दिलाय. आणि हेरू म्हणजे सीताच, भाला न लागलेली.

पण खरी गंमत पुढे आहे. या लेखकाच्या बापाने, सर एडविन अर्नोल्डने, १८९७ साली तिसरं लग्न केलं ते तामा कुरोकावा या जपानी बाईंशी. त्या लंडनला येऊन राहिल्या, लेडी अर्नोल्ड झाल्या. म्हणजे मुलगा मंगळाची कादंबरी लिहीत होता, त्याच्या आधीच त्याच्या बापाच्या घरात दुसऱ्या जगातली बायको संसार करत होती. चहा करत होती, पाहुण्यांशी बोलत होती. ना कोणी मेलं, ना कोणी गालिच्यावर बसून पळालं. आणि मुलाच्या पुस्तकात मात्र राजकन्येला पृथ्वीवर आणायची सोय नाही.

ती कादंबरी चालली नाही. लेखकाने पुढे कादंबऱ्या लिहिणंच सोडलं. पण सात वर्षांनी, १९१२ मध्ये, अमेरिकेत एडगर राइस बरोज याची मंगळावरची कथा एका मासिकात क्रमशः सुरू झाली. नायक जॉन कार्टर, अमेरिकेच्या यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा अधिकारी. नायिका देजा थोरिस, मंगळावरची राजकन्या. रिचर्ड लुपॉफ या अमेरिकन लेखकाने १९६० च्या दशकात या दोन मंगळांमधलं साम्य दाखवून दिलं. बरोजने अर्नोल्डचं पुस्तक वाचलं होतं की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण गाजला तो बरोज. त्याच्यावरून पुढे कॉमिक्स आली, सिनेमे आले. 'अवतार' बनवणाऱ्या जेम्स कॅमेरूनने बरोजचं ऋण मान्य केलंय.

बरोज एक पाऊल पुढे गेला हे मान्य करायला पाहिजे. त्याचा नायक मंगळावर लग्न करतो, संसार करतो. मंगळावरची माणसं अंड्यातून जन्मतात, त्यामुळे या जोडप्याचंही एक अंडं असतं! पण पहिल्या पुस्तकाच्या शेवटी तोही पृथ्वीवर येऊन पडतो, आणि तिकडे बायको जगली का, अंडं फुटलं का, याचा विचार करत बसतो. तो बायकोकडे परत जातो ते पुढच्या पुस्तकांत.

१९१२ ला अमेरिकेत देजा थोरिस, १९१३ ला मराठी रंगभूमीवर देवयानी. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दोघींचे वाचक-प्रेक्षक एकाच जगात राहत होते. आपल्या जातीबाहेर, धर्माबाहेर, रंगाबाहेर लग्न म्हणजे जगबुडी, असं मानणाऱ्या जगात.

कायदा म्हणाला, आधी ग्रह सोडा

हे 'जगबुडी' मी उगीच म्हणत नाही. 'सीता' कादंबरी आली त्याच वर्षी, म्हणजे १८७२ मध्ये, हिंदुस्थानात एक कायदा झाला. १८७२ चा तिसरा कायदा. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांच्या मागणीतून आलेला. नोंदणी पद्धतीने लग्न करायची सोय या कायद्याने झाली. पण अट काय होती माहितीये? मुलगा आणि मुलगी, दोघांनी लिहून द्यायचं की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिश्चन नाही, ज्यू नाही, पारशी नाही, बौद्ध नाही, शीख नाही, जैन नाही.

म्हणजे तुम्ही कोणीच नाही, असं कबूल करा, मग लग्न करा. सरकारनेच सांगितलं की राजेहो, आधी ग्रह सोडा.

हे बदलायला पन्नास वर्षं लागली, आणि त्यात आपल्या भागातल्या माणसाचा हात आहे. सागरचे, नागपूरला वकिली करणारे हरिसिंह गौर. त्यांच्या विधेयकामुळे १९२३ मध्ये कायदा सुधारला. हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात लग्न करताना आपला धर्म नाकारायची गरज राहिली नाही. आणि कोणत्याही दोन धर्मांच्या माणसांना, आपापला धर्म ठेवून, लग्न करता यायला १९५४ चा विशेष विवाह कायदा यावा लागला. त्यातही तीस दिवसांची नोटीस आलीच. ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते. ज्या पोरापोरींनी घरी सांगितलेलं नसतं, त्यांच्यासाठी ते तीस दिवस केवढे मोठे असतात, हे तुमच्यातल्या काहींना मी सांगायला नको.

दोन लग्नं: १९२७ आणि १९२८

आता दोन खरी मराठी लग्नं बघू. एक सातपुड्याच्या पलीकडचं, एक अलीकडचं.

पलीकडचं आधी. अकोटहून खंडव्याला जाणारी छोटी लाइन ज्यांना आठवते, त्यांना त्या वाटेवरचं पुढचं बडवाह हे नाव माहीत असेल. नर्मदेकाठचं गाव. तिथे मार्च १९२८ मध्ये इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांचं लग्न झालं. नवरी कोण? अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलची नॅन्सी अ‍ॅन मिलर. देशभर गदारोळ झाला. लग्नाआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हातून तिला हिंदू करून घेण्यात आलं, धनगर समाजात दत्तक घेतलं गेलं, आणि नाव ठेवलं शर्मिष्ठा. देवयानीच्या कथेतलंच नाव! असुरांच्या राजाची मुलगी, जी माणसांच्या राजाच्या घरी आली.

ही शर्मिष्ठादेवी परत गेली नाही. नऊवारी नेसली, चार मुलींची आई झाली, इथलीच होऊन १९९५ पर्यंत जगली. परतीचं तिकीट तिने फाडून टाकलं. पण हेही बघा, की सगळा प्रवास तिनेच केला. नाव तिचं बदललं, धर्म तिचा बदलला, जात तिला मिळाली. तुकोजीरावांचं यातलं काहीच बदललं नाही.

आता अलीकडचं, आपल्या वऱ्हाडातलं. डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. भाऊसाहेब म्हणून आपल्या भागात ज्यांचं नाव घराघरात आहे, ज्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्याला आहे, ज्यांच्या शिवाजी शिक्षण संस्थेचं कॉलेज इथे अकोटात आहे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन, डॉक्टरेट घेऊन ते परतले, आणि १९२७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी लग्न केलं. आंतरजातीय. मुलगा मराठा-कुणबी, मुलगी सोनार. आज तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? १९२७ च्या वऱ्हाडात यात खूप काही होतं. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन पेटलं होतं, आणि पंजाबराव त्यात पुढे होते.

या लग्नात मला सर्वात महत्त्वाचं काय वाटतं, तर त्यानंतरचं घर. पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. विमलाबाईंनी त्या कामाला हातभार लावला. पंजाबराव १९६५ मध्ये गेल्यानंतर त्या संसदेतही गेल्या. म्हणजे या जोडप्यात कोणी एकाने आपलं जग सोडून दुसऱ्याच्या जगात मुक्काम ठोकला, असं झालं नाही. दोघांनी मिळून तिसरंच घर उभं केलं, आणि त्यात दुसऱ्यांची पोरं आणून जेवायला बसवली.

टेलरला कादंबरीत जे सुचलं नाही, ते अमरावतीच्या एका वसतिगृहात झालं.

मग आपली विज्ञानकथा?

मराठीत विज्ञानकथा आली ती ज्यूल व्हर्नच्या बोटाला धरून. 'केरळकोकिळ' मासिकात १९०० सालापासून चंद्रावरच्या सफरीचं भाषांतर क्रमशः यायला लागलं. त्या मूळ गोष्टीत तोफगोळ्यात बसून निघालेले तीन पुरुष आहेत, सोबत कुत्री आहेत, कोंबड्या आहेत. बाई एकही नाही. प्रेमाचा प्रश्नच मिटला!

मग १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे नाव खोटं होतं. खरे लेखक जयंत विष्णू नारळीकर, नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. तिथून मराठी विज्ञानकथेला बळ आलं. कृष्णविवरं आली, यानं आली, यंत्रमानव आले.

पण दोन संस्कृतींमधल्या प्रेमाची विज्ञानकथा लिहायची तर आपल्याकडे कच्चा माल किती आहे बघा ना. अकोटच्या उत्तरेला नरनाळा. त्याच्या मागे मेळघाट, तिथे कोरकू बोलणारी गावं. कोरकू भाषेचं नातं मराठीशी नाही, हिंदीशी नाही, ते पार झारखंडातल्या मुंडारी, संथाळी या भाषांशी आहे. इकडे मैदानात आपली वऱ्हाडी, तिच्यात उर्दूचे शब्द, हिंदीचे शब्द. बाजाराच्या दिवशी हे सगळे एकाच चौकात उभे असतात. दोन ग्रहांची टक्कर बघायला दुर्बीण लागत नाही. आठवडी बाजारात जा.

तर राजेहो, ज्यांना लिहायचंय त्यांच्यासाठी. तुमच्या कथेत परग्रहावरची मुलगी आणा, भविष्यातला मुलगा आणा, काहीही करा. पण चार गोष्टी स्वतःला विचारा. यान कोणाकडे आहे? नाव कोणाचं बदलतं? पोरगं रडताना कोणत्या भाषेत रडतं? आणि शेवटच्या पानावर दोघं एका घरात आहेत का? हे चार प्रश्न टेलरला विचारा, अर्नोल्डला विचारा, 'अवतार'लाही विचारा. 'अवतार'मध्ये नायक परत जात नाही, तिथलाच होतो, हे चांगलंच. पण त्यासाठी त्याला आपलं शरीरच टाकून द्यावं लागतं. जसा आहे तसा माणूस, दुसऱ्या जगातल्या माणसाच्या शेजारी, रोज सकाळी उठून नळाला पाणी आलं का बघतोय, अशी विज्ञानकथा अजून फार कमी लिहिली गेलीय.

खैरुन्निसाची मुलं जहाजात बसवली त्याला आता दोनशेहून जास्त वर्षं झाली. तेव्हा आजी-नातीला बोलायला मधे दुभाषा आणि कित्येक महिने लागले. आज तुमच्या हातातला फोन ते भाषांतर क्षणात करतो. यंत्राचा भाग सुटलाय. घरात कोणाला घ्यायचं, हा भाग अजून आपल्याकडेच आहे.

पुढच्या भागात नरनाळ्यावर चढू. पाण्याची बाटली भरून ठेवा, चढ लय आहे. आणि तुमच्या घराण्यात, गावात, दोन जगांतल्या माणसांनी संसार थाटल्याची गोष्ट असेल, अगदी आजी-आजोबांच्या काळातली, तर व्हॉइस मेसेज करून सांगा. नावं नका सांगू, गोष्ट सांगा.

भेटू राजेहो.